हिरव्या फांद्यांची हाक

"हळू, मोहलार! माझ्या पायावर पाय दिलास!"

"मग आवर ना तुझा पाय, हुरिन्सा! मामा येतायत!"

तुतीच्या फांद्यांच्या ढिगाआड दोघी मैत्रिणी श्वास रोखून बसल्या. रेशमाच्या हंगामात मर्गिलानमधील मुलींच्या शाळेला सुटी असे. तिथे शिकवणाऱ्या खुद्द ओतिनबाईंच्या घरीही रेशीमअळ्या असत. परंतु मोहलारची सुटी यंदा कडवट झाली होती. तिच्या घरच्या अळ्या अन्न सोडून, माना उंचावून डोलत होत्या आणि हिरवा रस ओकत होत्या.

"तूच ओला पाला घातलास!" आई संतापली होती. "कोश झाले नाहीत तर शाळा विसर. मग कढईपाशी बसून दुसऱ्यांचे कोश उकळायचे!"

मोहलारने तर एकेक पान ओढणीने पुसले होते. मग दोष कुणाचा? तो शोधण्यासाठीच, आई पाला आणायला जाताच, ती अळीघरात दडली होती.

तुर्सुनमामा आत आले, भिंतीला पक्क्या बसवलेल्या शिडीने तुळयांपर्यंत चढले आणि तेथे टांगलेल्या जुड्या उलटसुलट करू लागले. एक चिमूट त्यांनी जिभेखाली ठेवली. तपकिरी भुकटी खालच्या अळ्यांवर भुरभुरत राहिली.

"तंबाखू! अळ्यांना विषच ते!" हुरिन्सा कुजबुजली. "वाळवायला यांना हीच जागा सापडली?"

"ऊबदार आहे ना! शिवाय इथे कुणी डोकावत नाही."

मोहलार धीर एकवटून उभी राहीपर्यंत मामा गुणगुणत बाहेर पडले होते. बाहेरून अडसर पडला! अळ्यांना दृष्ट लागू नये म्हणून दारावर लावतात ती हरमळाच्या वाळक्या झुडपाची जुडी टांगल्याची सळसळही ऐकू आली.

"मामा! आम्ही आत आहोत!"

पावले दूर गेली. दारावर हरमळ असताना अळीघरात परक्याने पाऊल ठेवायचे नाही, हा सगळ्या मोहल्ल्याचा नेम होता. उंचावरल्या झरोक्यातून शेजारच्या सोफिया मावशींचा आवाज ऐकू आला. दोघींनी दार बडवले.

"शूऽऽ! कोण गं ती अवदसा?" मावशी बाहेरून दटावून म्हणाल्या. "अळ्यांपाशी गोंगाट करतात का? गप्प बसा!" आणि त्या निघूनही गेल्या!

"झालं! आता आपणही कोश विणून आत झोपूया!" हुरिन्सा म्हणाली.

भिंती जणू जवळ सरकत होत्या. तंबाखूच्या वासाने डोके जड झाले होते. वरून अजूनही भुकटी झरत होती आणि एक अळी मोहलारच्या देखत निपचित पडली. रडायला वेळ नव्हता. दोघींनी शिडीवर चढून ओढण्या जुड्यांखाली ताणून बांधल्या. मग धडधाकट अळ्यांच्या फांद्या अलगद उचलून त्यांनी झरोक्याखालच्या कोपऱ्यात नेल्या.

मोहलारची नजर उरलेल्या पाल्यावर गेली. अळीघरातून बाहेर पडते ती खाऊन नागडी झालेली काटकी, तंदुरात जाळायला. या दिवसांत पानांनी लहडलेली फांदी रस्त्यावर फेकायला कोण धजेल?

"हुरिन्सा, मला खांद्यावर घे!"

"तू फार जेवतेस गं!"

भुकटी पडलेल्या हिरव्यागार फांद्या मोहलारने झरोक्यातून भराभर गल्लीत ढकलल्या. बाहेर एकच कल्लोळ उडाला!

"अगं, हिरवा पाला रस्त्यात!"

"कुणाच्या अळ्या खाईनाशा झाल्या? धावा गं!"

साऱ्या गल्लीतल्या बायका गोळा झाल्या. हरमळाचा नेम क्षणात बाजूला राहिला. अडसर निघाला आणि डोक्यावर पाल्याचा भारा असलेली आई दारात थबकली. मोहलारने वरची ओढणी सोडून तिच्यापुढे धरली. तपकिरी भुकटीकडे पाहताच आईचा चेहरा बदलला.

"तुर्सुन!" ती गरजली.

"अगं ताई, मला वाटलं, वरच्या वर वाळेल..." मामा चाचरले.

"आता रोज तूच पाला वाहायचास. बाजारातून, सगळ्यांच्या देखत!"

बायका खो खो हसल्या. ओतिनबाई मात्र मोहलारजवळ आल्या. "पुस्तकातली अक्षरं पुष्कळ जणी वाचतात, बाळ. तू अळ्यांची अवस्था वाचलीस. तुझी जागा शाळेतच आहे."

आईने नवी पाने पसरली. साऱ्याजणी कान देऊन उभ्या राहिल्या. बराच वेळ काहीच नाही. मग झरोक्याखालच्या कोपऱ्यातून कुरतडण्याचा बारीक आवाज येऊ लागला. अळ्या खाऊ लागल्या होत्या!

आईने दाराचा अडसर उचलून मोहलारच्या हाती ठेवला. "आजपासून आत कुणाला घ्यायचं, ते तू ठरव."

मोहलारने गंभीरपणे मामांकडे पाहिले. "मामा, आधी तोंड धुऊन या!"