गुडघ्यापर्यंतची गादी

डोंगरभटकंतीच्या सामानाच्या दुकानात पाऊल टाकताच तिला दिसला तो जमिनीवर आडवा झालेला माणूस. डोळे मिटलेले, हात पसरलेले. ती पडली परिचारिका. विचार करण्याआधीच खाली बसून तिने त्याचं मनगट धरलं.

"जिवंत आहे," तो डोळे न उघडताच म्हणाला. "नवी गादी आलीय... झोपून बघतोय."

तिने झटकन हात सोडला. "भर दुपारी? गिऱ्हाईक आलं तर?"

"आलंय की!" त्याने डोळे उघडले — आणि उठायचंच विसरला.

त्या काळी पाठीवर बिऱ्हाड घेऊन डोंगर चढणाऱ्या मुली बोटांवर मोजण्याइतक्या. तिच्या थोरल्या बहिणीचा नवरा दरवर्षी मंडळी जमवून खिंड ओलांडायचा. यंदा "मीही येणार" म्हटल्यावर भावजी जेवता जेवता हसले होते, "या की, मेहुणीबाई! दुसऱ्या दिवशी तुमचं ओझं आमच्याच खांद्यावर येणार, एवढंच." तेव्हाच तिने ठरवलं, आठ दिवस आपली पिशवी आपल्याच पाठीवर. चमचासुद्धा दुसऱ्याच्या हाती द्यायचा नाही.

"सगळ्यात हलकी गादी दाखवा," ती म्हणाली आणि भावजींचं बोलणं, आपला निश्चय, सगळं चमच्यासकट सांगून टाकलं.

त्याने पातळ फोमची गुंडाळी काढली. "कुशीवर झोपता की पाठीवर?"

तिचे कान तापले. "तुम्हाला काय करायचंय?"

"कुशीवर झोपणाऱ्याचं कमरेचं हाड जमिनीला भिडतं. आडव्या होऊन बघा. मी भिंतीकडे तोंड करतो."

तो खरंच वळला. ती आडवी झाली... आणि हाड फरशीला टेकलं.

"टोचतंय," तिने नाइलाजाने कबूल केलं.

"शिवाय जमिनीचा गारठा. रात्रभर कुडकुडलात तर सकाळी चमचाही मणाचा होईल."

पण त्याने पुढे केलेली जाड गादी उचलताच तिच्या वजनाने तिचा चेहरा उतरला. तेव्हा त्याने फळीवरून एक फुगवायची गादी काढली — डोक्यापासून जेमतेम गुडघ्यापर्यंत पोचणारी.

"ही लहान मुलांची आहे!"

"जाणत्यांची आहे. पाय रिकाम्या पिशवीवर टाकायचे. पायांना कुठे गादी लागते?"

ती पुन्हा आडवी झाली, कुशीवर वळली. हाड गप्प! तो अजून भिंतीकडेच बघत होता.

"आता बघितलंत तरी चालेल," ती म्हणाली.

त्याने बघितलं... आणि या खेपेला उठायचं तिच्या जिवावर आलं.

निघताना तो म्हणाला, "फारच जड झालं, तर भावजींना —"

"कोणाला काही सांगायची नाही मी."

तो हसला नाही. "मला मात्र येऊन सांगा."

खिंडीखालच्या मुक्कामी जमीन बर्फासारखी गार पडली होती. ती पिशवीवर पाय टाकून गाढ झोपली. भावजींनी नुसती सतरंजी अंथरलेली. पहाटे त्यांची पाठ अशी धरली की वाकवेना. खिंडीच्या माथ्याशी ते हळूच म्हणाले, "मेहुणीबाई... जरा एवढं पातेलं घेता?"

तिने ते एक शब्दही न बोलता घेतलं. बोलली असती तर हसू फुटलं असतं.

परतल्यावर ती घरी न जाता पिशवीसकट दुकानातच गेली. नाक उन्हाने सोललेलं, मान ताठ. तो स्टुलावरून ताडकन उठला.

"पिशवीला कोणी हात लावला?"

"कोणाची बिशाद!" तिने पातेल्याची हकिगत सांगितली. तो असा खदखदून हसला, जणू खिंड त्यानेच सर केली होती.

"आठ दिवस येईल त्याला हेच सांगतोय," तो म्हणाला, "की आमच्या एका गिऱ्हाइकाने आपलं ओझं आपल्याच पाठीवर घेऊन खिंड ओलांडली."

"अहो, पण मी परतलेच नव्हते!"

"जमणार, हे मला माहीत होतं."

तिला रोग्यांनी आशीर्वाद दिले होते, डॉक्टरांनी शाबासकी दिली होती... पण आधीच अभिमान बाळगून बसलेला माणूस तिला पहिल्यांदाच भेटत होता.

"पुढच्या वर्षी..." त्याचा आवाज अडखळला, "तुमच्याबरोबर आलो तर?"

"माझी पिशवी मीच उचलणार."

"मी कुठे मागतोय? मला तुम्ही हव्या आहात."

बोलून तो कानापर्यंत लाल झाला. तिने मात्र नजर वळवली नाही.

"मग ये," ती म्हणाली. 'तुम्ही' कुठे गळून पडलं ते तिलाही कळलं नाही. "पण मागे राहायचं नाही, पुढेही धावायचं नाही. शेजारी चालायचं."

"वाट अरुंद असली तर?"

"तरीसुद्धा."