बिनफवाऱ्याची शेवंती

एसटीनं वळण घेतलं अन् बादलीतलं पाणी थेट रंजीताच्या ओढणीवर सांडलं.

"अवो, सांभाळा की!"

"फुलं सांभाळली… पाणी सुटलं," बादली कवटाळून बसलेला तरुण ओशाळून हसला. बादलीत पिवळीधमक शेवंती होती. एखाददुसरी पाकळी अळीनं कुरतडलेली.

"फवारत नाई वाट्टे?"

"नाई. तोडायले माही माय असते, गावातल्या बाया असतात. त्यायच्या हाताले जहर कायले लावू?"

रंजीता त्याच्याकडे पाहतच राहिली. मंगरूळपीरला तिच्या वडिलांनी, उकंडरावांनी, नवं घर बांधलं होतं. वास्तुशांतीची फुलं आणायचं तिच्याकडे होतं. दुकानातले बर्फाच्या पेटीतून आलेले गुलाब देखणे होते खरे. पण ते कोणी पिकवले, काय मारून पिकवले, हे दुकानदारालाही सांगता येईना.

"तुमचं वावर पाहू द्याल?"

"धनजले या. शिवमचं वावर इचारा, कोनीबी सांगते. पन… पाहाल फुलंच ना?"

"ते पाह्यल्यावर सांगीन!"

ती धनजला गेली. मधमाश्यांच्या गुणगुणीत, बायांच्या हसण्याखिदळण्यात शेवंती डोलत होती. शिवमनं एक फूल खुडून तिच्या हातात दिलं, अन् बोटं हातातच राहिली… क्षणभर. वास्तुशांतीची फुलं तिनं त्यालाच सांगितली. नंतर ती पुन्हा गेली, काही ना काही निमित्त काढून.

वास्तुशांतीच्या सकाळी शिवम आला तो निम्म्याच बादल्या घेऊन.

"बाकीची?" उकंडराव गरजले.

"शेजारच्या कपाशीच्या पराटीवरची फवारनी काल वाऱ्यानं इकडं आली, काका. तेवढा पट्टा तोडला नाई."

"कोनाले समजलं असतं, लेका?"

"मले समजलं असतं ना."

रंजीताचा ऊर भरून आला. एवढं नुकसान, अन् मान कशी ताठ! तिनं पदर खोचला. परसातली आंब्याची डहाळी, शेतातली ज्वारीची कणसं, त्यात मोजकी शेवंती गुंफत ती दाराशी उभी राहिली. शिवम दोरा धरून होता… नजर मात्र दोऱ्यावर नव्हती.

पाहुणे आले. रंगूआत्यानं तोरणात नाकच खुपसलं. "उकंडा, कुठून आनली रे? लय वर्सांनी फुलाले वास आला!"

उकंडरावांनी फेटा सावरला. "आपल्या धनजची हायेत! बिनफवाऱ्याची. माह्या पोरीनं निवडली."

"फक्त फुलंच?" शिवम तिच्या कानाशी पुटपुटला.

रंजीता वळली. गालावर लाली होती, पण आवाज साऱ्या ओसरीला ऐकू जाईल असा.

"बाबा, फुलं पिकवनाराबी मीच निवडला हाय!"

उकंडरावांनी शिवमला वरून खालपर्यंत न्याहाळलं, मग त्याच्या खांद्यावर हात टाकला.

"मंग उभा काहून हायेस, जावईबापू? पंगतीत बस!"