उतारावरचा लाल दिवा

खोटं वाटलं तर वाटू दे. हे माझ्यासोबत घडलंय आणि मी त्यात पदरचं काही घालत नाहीये.

अमावास्येची रात्र वगैरे नव्हती. भर दुपार होती. शाळेचं फाटक, त्यापुढे सरळ खाली जाणारा उतार आणि माझ्या व्हॅनमध्ये कलकलाट करणारी पोरं.

नोकरी नवी होती. आधीचा ड्रायव्हर काम सोडून गेला, असं मालकांनी सांगितलं होतं.

माझे बाबा टॅक्सी चालवायचे. त्यांनी शिकवलं होतं, चावी फिरवली की डॅशबोर्डवरचे दिवे एकदा पेटतात आणि विझतात. पिवळा राहिला तर गॅरेज गाठायचं. लाल राहिला तर जागेवर थांबायचं. आणि जो पेटतच नाही, त्याला सगळ्यात जास्त भ्यायचं.

या व्हॅनचा ब्रेकचा दिवा पेटतच नव्हता. सकाळीच मालकांच्या कानावर घातलं.

"बघू नंतर," म्हणाले.

दुपारी चावी फिरवली. बाकीचे दिवे पेटले, विझले.

आणि मग...

ब्रेकचा दिवा लागला. लालभडक. एकटाच.

मी हँडब्रेक ओढला, इंजिन बंद केलं, चावी काढून हातात घेतली.

दिवा तसाच.

पोरं एकदम गप्प झाली. का, देव जाणे. त्या शांततेत ब्रेकचं पेडल... आपोआप खाली गेलं. माझा पाय त्यावर नव्हता.

वर आलं. पुन्हा खाली गेलं.

माझी पाचावर धारण बसली. पण पोरं माझ्या भरवशावर बसली होती. मालकांना फोन लावला.

"अगं, दिवाच आहे ना? काढ गाडी! नाहीतर उद्यापासून येऊ नकोस."

"नाही येत! पण पोरांना घेऊन मी हा उतार उतरणार नाही."

सगळ्यांना उतरवून भिंतीशी उभं केलं. मालक तणतणत आले, सोबत त्यांचा मेकॅनिक. तो गाडीखाली वाकला. मागच्या चाकाशी ब्रेक ऑइल गळून थारोळं साचलं होतं.

मग त्याने आत डोकावलं... आणि पांढराफटक पडला.

"ताई, हा लागूच शकत नाही. याचा बल्ब मीच काढलाय."

"का?"

"आधीचे ड्रायव्हरदादा दिवा लागला की गाडी हलवायचे नाहीत. मालक म्हणाले, काढून टाक." त्याने मान खाली घातली. "मग याच उतारावर ब्रेक गेले. ते वारले. गाडीत पोरं नव्हती, एवढंच नशीब."

मेकॅनिकने मीटर उघडून दाखवला. बल्बची जागा रिकामी. आत नुसती धूळ.

तरी उजेड होता.

आता मी दुसऱ्या मालकांची कोरी करकरीत व्हॅन चालवते. शाळा तीच, उतार तोच. उताराच्या तोंडाशी ब्रेकचा दिवा रोज क्षणभर लागतो. मी मोठ्याने सांगते, "तपासलेत ब्रेक, दादा."

मग विझतो.

आज विझला नाही.

गॅरेजवाला येऊन गेला. गाडी ठणठणीत आहे म्हणतो. म्हणू दे. पोरं आपापल्या आईबापांसोबत घरी गेली आणि मी फाटकाशी बसून हे लिहितेय. नवे मालक फोनवर फोन करताहेत.

वाजू दे. दिवा विझेपर्यंत ही गाडी हलणार नाही.