टेलरमास्तरांचा चौथा स्क्रू

"जगातला प्रत्येक गुन्हा मागे काहीतरी ठेवूनच जातो," भिंगसाहेबांनी तोंडापुढे घडीचा रुमाल धरून जाहीर केलं.

या गुन्ह्याने मागे ठेवला होता तांदळाच्या दाण्याएवढा एक स्क्रू. तो टेलरमास्तरांना सकाळी लोणी-पाव खाताना दाताखाली सापडला होता. तो पावातलाच समजून त्यांनी आधी बेकरीवाल्याला फोनवर भरपूर सुनावलं होतं.

आता तो स्क्रू दातांच्या दवाखान्यात कापसाच्या बोळ्यावर पुराव्याच्या थाटात पडला होता.

भिंगसाहेब म्हणजे डॉक्टरबाईंचे मामा. चौतीस वर्षं विमा कंपनीत खोटे दावे पकडले. हे नाव तिथलंच. नोकरी संपली, पण नजर काही निवृत्त झाली नव्हती. आज ते स्वतःच्या कामाला आले होते आणि नऊपासून बाकावर ताटकळत होते. रुमालामुळे त्यांचे शब्द जरा फुसफुसत येत. ऐकणाऱ्याला ते गूढ वाटे.

"मामा, हा चौथा," भाची कुजबुजली. "दात मागे ओढायला आधार म्हणून मी हाडात असा स्क्रू बसवते. मास्तरांचा एकही महिनाभर टिकला नाही."

"बाकीच्या पेशंटचे?"

"एखादा हलतो कधी. पण एकाच तोंडातले चारही?"

"स्क्रू एकाच डब्यातले?"

"एकाच."

"बसवणारा हात?"

"माझाच."

"आणि नंतर हात कोण लावतं?"

डॉक्टरने आतल्या खोलीकडे पाहिलं. "आमच्या मदतनीस मावशी. हत्यारं त्याच उकळतात, स्क्रूला रबरही त्याच अडकवतात. त्यांनी मास्तरांकडे पांढरा कोट शिवायला टाकला होता. बाह्या चार बोटं आखूड आल्या. तेव्हा सगळ्यांसमोर म्हणाल्या, 'मास्तर, खुर्चीत याल ना, मग बघते तुम्हाला.' मास्तरीणबाई म्हणतात, ही बाई मुद्दाम स्क्रू पिळते. हिला काढा, नाहीतर वर तक्रार करते. मी एक वाजता मावशींकडून किल्ल्या घेणार आहे."

घड्याळात बारा वाजून पाच मिनिटं झाली होती.

मावशी चिमटे पुसत होत्या. अंगात तोच कोट होता आणि मनगटं बाहेर.

"मास्तरांना 'बघते' म्हणालात?"

"म्हणाले."

"मग?"

"बघितलं की! पहिल्या स्क्रूची जागा दोन महिने झाले तरी भरली नाही. हिरडी लालबुंद. डॉक्टरांना सांगितलं, तर म्हणे ब्रश नीट करत नसतील."

"स्क्रू पिळला नाहीत?"

"पिळला असता तर मास्तरांनी छप्पर नसतं का उडवलं? सुई दाखवली तरी अंग चोरतो तो माणूस!" मावशींनी चिमटा जरा जोरातच ठेवला. "सतरा वर्षं झाली इथे. उद्या दुसऱ्या दवाखान्याच्या दारात उभी राहिले तर काय सांगू? स्क्रू ढिले करते म्हणून काढलं?"

भिंगसाहेबांनी रुमालाआडून हवा हुंगली. त्यांना खोटा दावा वासावरून कळायचा. इथे फक्त स्पिरिटचा वास होता.

मास्तर नवरा-बायको बाहेर बसली होती. प्रश्न मास्तरांना विचारले की उत्तर मास्तरीणबाईंकडून येई.

"दुखतं का, मास्तर?"

"दुखत नाही त्यांना."

"हा फॉर्म कुणी भरला?"

"मीच. त्यांचं अक्षर म्हणजे उसवलेली शिवण."

फॉर्मवर 'मधुमेह' या शब्दापुढे 'नाही' होतं, खाली दोन रेघा. सोबत उपाशीपोटीच्या साखरेचा रिपोर्ट होता. आकडा शहाण्या मुलासारखा रेघेच्या आत.

"गोड खातात का?"

"माझ्या बहिणीला साखर निघाली, तेव्हापासून आमच्याकडे साखरेचा डबाच नाही. चहासुद्धा बिनसाखरेचा. बहिणीच्या पानावर तर माझंच लक्ष असतं. घास मोजते मी!"

मास्तरांनी पाण्याची बाटली संपवली, पुन्हा भरून आणली, तीही संपवली. मग उठून बाथरूमकडे गेले. अर्ध्या तासात तिसऱ्यांदा. परत येताना खिशातून चष्मा काढला, तर सोबत एक चकचकीत कागद पडला. मास्तरांनी त्यावर इतक्या सहज पाय ठेवला की भिंगसाहेबांना जुन्या नोकरीची आठवण झाली.

"बोटांना काय झालं?"

"सुई टोचते," मास्तर पहिल्यांदाच बोलले. "धंदाच तसला."

डाव्या हाताची अनामिका आणि करंगळी. दोन्हींच्या कडांना बारीक काळे ठिपके. कापड धरणारा अंगठा आणि त्याच्या शेजारचं बोट मात्र गुळगुळीत.

पाऊण वाजता भिंगसाहेबांनी सगळ्यांना आत बोलावलं. मावशींनी किल्ल्यांचा जुडगा आधीच टेबलावर काढून ठेवला होता.

"डॉक्टर, साखर मोजायचं यंत्र आहे?"

"तातडीच्या पेटीत आहे."

"मास्तरांची मोजा."

मास्तर पांढरे पडले. पण डॉक्टरने सुई पुढे केली आणि सवयीने दगा दिला. मास्तरांनी अनामिका कोरडी पुसली, मुळापासून दोनदा चोळली आणि कड वर करून धरली.

"थांबा!" भिंगसाहेब म्हणाले. "सुई बघून अंग चोरणारा माणूस बोट असं तयार ठेवतो? हा सराव शिवणकामाचा नाही. हे बोट नेहमी रक्त देतं."

यंत्र टिकटिकलं. तीनशे बारा.

"स्क्रू एकाच डब्यातले, हात तोच, हत्यारं तीच. वेगळं होतं ते तोंड. जखम भरत नाही, तहान भागत नाही, खिशात चॉकलेटचा कागद. मास्तर, किती वर्षं?"

"चार," मास्तर खाली बघत म्हणाले. "गोळ्या दुकानात असतात. बटणांच्या डब्यात. आठवण झाली की घेतो."

"बटणांच्या डब्यात!" मास्तरीणबाई किंचाळल्या.

"आणि रिपोर्ट?"

"आधीचे आठ दिवस गोळ्या वेळेवर घेतल्या, पावही सोडला. फॉर्म भरताना ही शेजारी होती. हिच्यादेखत साखर आहे म्हणालो असतो, तर माझेही घास मोजले गेले असते."

डॉक्टर खुर्चीत टेकली. "स्क्रू सुरुवातीला नुसत्या आट्यांवर उभा असतो. पुढे भोवतीचं हाड भरतं आणि त्याला धरतं. साखर अशी चढलेली राहिली की हाड सावकाश भरतं, हिरडी सुजते, पकड सुटते. आटोक्यात ठेवणाऱ्यांचे टिकतात की! तीन महिन्यांची सरासरी सांगणारी तपासणी मागवायला हवी होती मी. आणि मावशींचं ऐकायला हवं होतं."

"साखर लपवली, ती तुमची तुम्हाला," भिंगसाहेब मास्तरांना म्हणाले. "पण कारण ठाऊक असताना, या बाईच्या पोटावर पाय येताना तुम्ही गुपचूप पाणी पीत बसलात. गुन्हा तो."

मास्तरांनी मावशींकडे पाहिलं. "चुकलंच माझं. कोट द्या, बाह्या लांब करून देतो."

"त्याला कापड कुठून आणणार? ते तर तुम्ही कापून बसलात!" मावशी म्हणाल्या. पण डॉक्टरने जुडगा परत हातात ठेवला, तेव्हा त्यांची मूठ त्यावर घट्ट मिटली.

मास्तरीणबाई भिंगसाहेबांकडे भारावून बघत होत्या. "काय ती एकाग्रता! सकाळपासून विचारात तोंडावरचा रुमाल हलला नाही यांचा."

भिंगसाहेबांनी घड्याळाकडे पाहिलं. एक वाजला होता.

"अगं," ते रुमालाआडून भाचीला म्हणाले, "माझी मोडलेली कवळी चिकटली असेल तर दे ना आणून. जेवायचं खोळंबलंय."