शब्दाला जागणारी

देवाला आणि नवऱ्याला, त्याच क्रमाने, "येते हं" म्हणून नीलाने नेपरव्हिलच्या घराचा उंबरठा ओलांडला, तोच मागून केया म्हणाली, "आई, यू आर गोइंग. कमिंग नाही."

चाळीस वर्षांचं शल्य होतं त्या वाक्यात... केया तीन वर्षांची असताना नीला अशीच 'येते' म्हणून निघाली, आणि अमेरिकेत जन्मलेली ती अश्राप पोर शब्दावर विश्वास ठेवून खिडकीशी बसली. आई येते म्हणाली, म्हणजे येतेय! तिच्या बाबाने, एकनाथने, तिला व्याकरण समजावून पाहिलं. सहा आठवडे समजावत होता. तेव्हापासून केयाने तो शब्द टाकला. निघताना ती 'बाय' म्हणे.

नीला तेव्हा पॅसिफिकमधल्या एका बेटावर होती. तिथे अणुचाचणीची राख पडली होती, आणि मुलं तिच्यात खेळली होती. आता मोठ्या झालेल्या त्या मुलांच्या गळ्यात थायरॉइडच्या गाठी उठतात का, ते नीला दरवर्षी बोटांनी चाचपून पाही. लेकीचे सतरा वाढदिवस तिने त्या गळ्यांवरून ओवाळून टाकले होते...

आता ती माणसं अमेरिकेतच, आर्कान्सॉ राज्यात, स्प्रिंगडेलला येऊन राहिली होती. नीलाची ही शेवटची तपासणी. मोतीबिंदूच्या ऑपरेशनमुळे तिला ड्रायव्हिंग बंद, म्हणून केया ट्रॉयच्या तिच्या घरून आलेली. वाटेत लेकीची क्षमा मागायची, असं नीलाने योजलं होतं. पण दहा तासांत केया पाच वाक्यं बोलली, त्यांतली तीन जीपीएसशी.

तपासणीला अठ्ठ्याहत्तर वर्षांची एस्टर आली. गळा निर्मळ निघाला. मग नीलाकडे बोट दाखवून ती केयाला सांगू लागली... कितीतरी डॉक्टर आले, रक्त घेऊन गेले, फोटो काढून गेले. रक्तात काय निघालं ते सांगायला कुणी परतलं नाही. ही मात्र बोटीत चढताना एक शब्द बोलायची, आणि पुढच्या वर्षी रिपोर्ट घेऊन किनाऱ्यावर हजर!

"येते," एस्टरने तो शब्द अगदी पुणेरी उच्चारला. "तुमच्या भाषेत शपथेला हेच म्हणतात ना?"

केयाने आईकडे पाहिलं. नीलाचे डोळे भरून आले होते. मोतीबिंदूवर ढकलायची तिची तयारी दिसत होती.

"हो," केया म्हणाली, "हेच म्हणतात."

परतीच्या वाटेवर जीपीएसला बोलायला सवडच मिळाली नाही.

नेपरव्हिलला चहा झाल्यावर केयाने किल्ल्या उचलल्या, दारात घुटमळली, आणि हळूच म्हणाली, "आई... येते."

गाडी वळणापलीकडे गेली. नीला खिडकीशी जाऊन बसली. एकनाथने व्याकरण समजावलं नाही.