ताईसमोर काळी मोहरी

राज्य बुद्धिबळ स्पर्धेच्या शेवटच्या फेरीत केतकी शिरगुप्पेच्या वाट्याला काळी मोहरी आली आणि समोर तिची थोरली बहीण, रेवती. रेवतीला जाऊन चार वर्षं झाली होती. खुर्ची रिकामी होती. टेबलाला जोडलेला एक बारीक यांत्रिक हात तेवढा होता.

याला आता सगळे ‘डावछाया’ म्हणत. खेळाडूचे आयुष्यभराचे डाव, प्रत्येक खेळीला लागलेला वेळ, जुन्या चित्रफिती, एवढ्यावरून संगणक त्याच्यासारखा खेळू लागे. रेवतीच्या छायेला परवानगी केतकीनेच दिली होती. पुन्हा एकदा तिच्यासमोर बसता यावं म्हणून.

हाताने राजापुढचं प्यादं दोन घरं सरकवलं. केतकीने सिसिलियन बचाव निवडला. लहानपणापासून ताईसमोर ती हाच खेळायची आणि हरायची. “केतू, तू लवकर घाबरतेस,” ताई म्हणायची.

घोडा बाहेर काढताना हात क्षणभर थबकला आणि त्याने घोड्याचं तोंड स्वतःकडे वळवून ठेवलं. ही ताईचीच सवय. खेळी सुचली होती, तरी केतकीने घड्याळ चालू दिलं. डाव संपूच नये असं वाटत होतं.

मग ताई नेहमीसारखी अधीर झाली. आपल्या राजाकडे न बघता तिने पटाच्या दुसऱ्या बाजूची प्यादी हल्ल्याला पुढे रेटली. केतकीला दिसलं, हत्ती देऊन तो घोडा मारला, तर पांढऱ्या राजासमोरची भिंतच ढासळते. या वेळी ती घाबरली नाही. थोड्याच खेळ्यांत यांत्रिक हाताने पांढरा राजा हलकेच आडवा केला.

टाळ्या पडल्या. छायांची देखभाल करणारे इर्शाद मुल्ला टॅबलेट घेऊन आले.

“अभिनंदन, मॅडम. हा डाव छायेला शिकवायचा ना? तुमची संमती लागेल. पुढच्या वेळी ती प्यादी अशी रेटणार नाही.”

“आणि नाही शिकवला तर?”

“तर कायम इथेच चुकेल. जो येईल तो तिला हरवून जाईल.”

केतकी रिकाम्या खुर्चीकडे पाहत राहिली. ताई असती, तर जेवण विसरून हाच डाव पुन्हा मांडून बसली असती. उत्तर सापडल्याशिवाय उठली नसती. पण आता जे उत्तर सापडेल, ते ताईचं कुठे असेल?

“मॅडम?”

तिचं बोट पडद्याजवळ जाऊन थांबलं. शिकू दिलं तर ती ताई राहील का? आणि शिकूच दिलं नाही, तर तिला ताई म्हणता येईल का?