मालक स्वतः बोलतोय

गाडी विकायचं कारण अगदी साधं होतं. बायकोने स्वतःसाठी छोटी लाल गाडी घेतली आणि इमारतीत आमच्या वाट्याला गाडी लावायची जागा एकच. लाल गाडी नवी, राखाडी जुनी. कोणी जायचं यावर चर्चा करण्याचं कारण नव्हतं.

मी वजनमाप निरीक्षक आहे. दुकानांतले, गोदामांतले काटे तपासतो. मला दारात पाहिलं की दुकानदार हसतात, पण मनापासून कोणी हसत नाही. मला त्याची सवय आहे. जे आहे ते आहे, जे नाही ते नाही, एवढंच सांगण्याचा मला पगार मिळतो. बायको पोहायला शिकवते. तलावाच्या या काठावरून त्या काठावर ओरडून तिचा आवाज मोकळा झालाय. ती म्हणते, "तुझ्या पिशवीतही काटा आणि जिभेवरही काटा."

गाडीची जाहिरात मी स्वतः लिहिली आणि फोटोंसकट विक्रीच्या साइटवर टाकली. 'राखाडी गाडी. मागच्या बंपरवर ओरखडा. पावसात डाव्या दारातून पाणी येतं. एसी गार करतो, पण आवाज करतो. विकण्याचं कारण : जागा नाही.' खाली फोन नंबर.

बायकोने वाचलं. "ही जाहिरात आहे का तक्रार?"

तरी मेसेज सुरू झाले. बहुतेकांचा एकच प्रश्न : 'गाडी आहे का?' मी 'आहे' असं कळवलं की माणूस कायमचा गप्प. काही जण नमस्कार-चमत्कार न करता थेट 'फायनल बोला' म्हणत. एकाने बदल्यात माशांची मोठी काचेची टाकी देऊ केली, माशांसकट. एकाला इंजिनाचा आवाज ऐकायचा होता. मी रेकॉर्ड करून पाठवला. त्यावर त्याने 'वा!' लिहिलं आणि तेव्हापासून रोज सकाळी मला गुलाबाच्या फुलासह सुप्रभात पाठवायला लागला. गाडीबद्दल अवाक्षर नाही.

प्रत्यक्ष पहिले आले ते एक निवृत्त मुख्याध्यापक आणि त्यांची बायको. मी त्यांना बोलावलेलं नव्हतं. बेल वाजली, दार उघडलं, तर दोघं पायपुसण्यावर उभे, चेहरे लग्नाला आल्यासारखे.

"काल फोनवर बोललो ना आपण," मुख्याध्यापक म्हणाले. "तुम्ही म्हणालात, केव्हाही या, घर तुमचंच आहे."

असं वाक्य मी आयुष्यात उच्चारलेलं नाही. पण वयस्कर माणसं होती, काहीतरी घोटाळा झाला असेल म्हणून मी त्यांना खाली नेलं. ओरखडा दाखवला, दार दाखवलं, एसीचा आवाज ऐकवला. हळूहळू त्यांचे चेहरे उतरत गेले. निघताना बाई न राहवून म्हणाल्या, "तब्येत बरी नाही का हो तुमची? काल किती हसतमुख होतात."

"फोनवर हसतमुख कसं कळतं?" मी विचारलं.

"कळतं," त्या म्हणाल्या आणि नवऱ्याचा हात धरून निघून गेल्या.

मी फोन तपासला. आदल्या दिवशी एकही फोन आलेला नव्हता. जाहिरातीतला नंबर तपासला. तो बरोबर होता.

मग एक औषध कंपनीचा विक्रेता आला, तोही न सांगता. माझं बोलणं ऐकून म्हणाला, "साहेब आत आहेत का? त्यांनाच बोलवा ना." मीच साहेब आहे, असं मी सांगितलं. त्याने माझ्याकडे नीट पाहिलं, हसला आणि म्हणाला, "बरं, ते मोकळे झाले की कळवा." त्याच आठवड्यात आणखी एक बाई आल्या. त्यांनी माझ्यासाठी घरच्या झाडाचे पेरू आणले होते. मी फोनवर मागितले होते म्हणे. पेरू चांगले होते.

बायकोला या सगळ्याची गंमत वाटत होती. "कोणीतरी चेष्टा करतंय," मी म्हणालो.

"पण चांगली करतंय," ती म्हणाली. "गिऱ्हाईकं येतायत की."

मग एक दातांचे डॉक्टर आले तेव्हा मी ठरवलंच होतं की आज याचा सोक्षमोक्ष लावायचा. गाडीजवळ उभं राहून मी त्यांना सरळ सांगितलं, की तुम्ही माझ्याशी बोललेला नाहीत.

"असं कसं? थांबा, आत्ता लावून दाखवतो."

त्यांनी नंबर लावला. माझा फोन माझ्या तळहातावर होता. दोघंही त्याच्याकडे बघत राहिलो. तो वाजला नाही, थरथरला नाही, नुसता काळा पडून राहिला. डॉक्टरांच्या फोनमधून मात्र रिंग ऐकू येत होती, आणि मग कोणीतरी तो उचलला.

"हां डॉक्टर, बोला! पोचलात ना व्यवस्थित?"

डॉक्टरांनी एकदा माझ्या बंद ओठांकडे पाहिलं. मग तव्यावरून उचलल्यासारखा तो फोन माझ्या हातात दिला.

"कोण बोलतंय?" मी विचारलं.

"मालक स्वतः बोलतोय! आपण?"

आवाज माझा होता. रेकॉर्ड केलेला आपला आवाज ऐकला की जसा परका वाटतो, तसाच. फक्त त्यात कुठेतरी खिडकी उघडी होती. मालक म्हणावं, तर ती जागा भरलेली.

"मी... गाडी बघायला आलोय," मी म्हणालो.

"अरे वा! बघा ना. शांतपणे बघा, घाई नाही."

"डाव्या दारातून पाणी येतं म्हणे." माझा सूर जरा कडक झाला.

"येतं की!" तो आनंदाने म्हणाला. "त्याची तर मजा आहे. एकदा आम्ही भर पावसात चाललो होतो. बायको त्या बाजूला. थेंब नेम धरून तिच्या कानात. तिने मान वळवली, तर दुसऱ्या कानात! ती इतकी हसली, इतकी हसली, की मला गाडी कडेला घ्यावी लागली. मग पाऊस थांबेपर्यंत दोघंही हसतच बसलो. आता सांगा, धड दाराच्या गाडीत असं काही होतं का?"

"नाही," मी कबूल केलं.

"मग! चालवून बघा, आणि मनात भरली तरच घ्या. गाडी काय आणि माणूस काय, जबरदस्तीने नांदत नाही."

खरं सांगतो, क्षणभर मला ती गाडी घ्यावीशी वाटली. फोन परत द्यायला वळलो तेव्हा दातांचे डॉक्टर स्वतःच्या गाडीत जाऊन बसलेही होते. काचेतून हात बाहेर काढून त्यांनी फोन घेतला आणि निघून गेले.

संध्याकाळी बायको पलंगावर कपड्यांच्या घड्या घालत बसली होती. मी सहज विचारल्यासारखं विचारलं, "आपण कधी पावसात गाडी कडेला घेऊन हसत बसलो होतो का?"

तिचे हात थांबले. "कानातला थेंब! तुला आठवतं ते?"

मला आठवत नव्हतं. अजूनही आठवत नाही.

"आठवतं," मी म्हणालो. इतक्या वर्षांत माझ्या हातून तिला पहिल्यांदा खोटं वजन गेलं.

तिने हातातला टॉवेल तसाच मांडीवर ठेवला आणि माझ्याकडे अशी पाहत राहिली, जशी पूर्वी पाहायची. "काय झालंय तुला हल्ली? आज दुपारीही फोनवर किती गोड बोललास."

"कोणत्या फोनवर?"

"पुरे हं चेष्टा. मी विचारलं, काही काम होतं का? तर म्हणालास, सहज केला. सहज! लग्न झाल्यापासून तू मला सहज फोन केल्याचं मला आठवत नाही."

दुपारी मी एका गोदामात धान्याचा मोठा काटा तपासत होतो. फोन पिशवीत होता. हे तिला सांगावं असं तोंडावर आलं होतं. पण तिने गुणगुणत पुन्हा घड्या घालायला घेतल्या, आणि मी चादरीचं एक टोक धरलं.

दुसऱ्या दिवशी फोन कंपनीच्या दुकानात गेलो. काउंटरवरच्या मुलीने बराच वेळ पडद्यावर पाहून सांगितलं, की या नंबरवर एकच सिम आहे आणि ते माझ्या फोनमध्ये आहे. "सर, हल्लीच बोललो ना आपण?" ती म्हणाली. "तुम्ही माझ्या परीक्षेची चौकशी केली होती. पास झाले मी." मी तिचं अभिनंदन केलं. दुसरं काय करणार?

घरी येऊन मी जाहिरात काढून टाकली. काही दिवस कोणी आलं नाही. गुलाबाचं फूलसुद्धा बंद झालं. बायको मात्र दुपारनंतर खुशीत असायची, आणि मी घरी आलो की ती खुशी जरा वेळ माझ्याकडे बघायची आणि विझायची.

मग एका संध्याकाळी एक बेकरीवाला पेढे वाटणाऱ्या माणसाच्या चेहऱ्याने दारात उभा राहिला. गोल चेहरा, भुवयांना मैदा लागलेला. पूर्ण रक्कम घेऊनच आला होता.

"ठरल्याप्रमाणे," तो म्हणाला. "आईला एकदाची गाडीतून फिरवायची होती. ती तुमच्या आवाजावरच खूश आहे."

माझं काही ठरलं नव्हतं. पण रक्कम मी जी मनात धरली होती त्याहून जास्त होती, आणि सगळ्यात मोठं म्हणजे, गाडी जाणार होती. गाडीबरोबर हे सगळंच जाईल, असा मी हिशोब केला. गाडी नाही, तर गाडीचा मालक कशाला राहील? कागदांवर सह्या केल्या. बायकोने चहा दिला.

उठताना बेकरीवाला म्हणाला, "मग रविवारी सकाळी तुम्ही स्वतः आणून देताय ना? मी अजून शिकतोय, रस्त्यावर हात कापतो माझा. तुम्हीच म्हणालात, मी सोडतो म्हणून."

"सोडतो," मी म्हणालो. हे एक तरी काम माझ्याच हातून व्हावं असं मला वाटलं.

रविवारी सकाळी दाढी केली, इस्त्रीचा शर्ट घातला. वाटेत बेकरीवाल्याच्या आईशी काय बोलायचं याची आरशासमोर थोडी तयारीही केली. दोन्ही किल्ल्या खिशात टाकल्या आणि खाली उतरलो.

जागा रिकामी होती. जमिनीवर तेलाचा तेवढा डाग.

फाटकापाशी वॉचमन होता. मला पाहून तो खुर्चीतून अर्धवट उठला.

"साहेब, तुम्ही आत्ताच तर गेलात!"

"कुठे?"

"गाडी घेऊन. मला हातसुद्धा केलात." तो जरा लाजला. "इतक्या वर्षांत पहिल्यांदाच."

खिशात हात घातला. दोन्ही किल्ल्या होत्या.

मी जिना चढून वर आलो. दार उघडंच होतं. बायको स्वयंपाकघरात ओट्याशी उभी होती, ओट्यावर तिचा फोन, स्पीकर चालू.

"...तसं काही नाही वहिनी, गाडी एकदम झकास," बेकरीवाला बोलत होता. "आईला दोन चकरा मारून आणलं साहेबांनी. मलाही गल्लीत शिकवलं. फक्त आता मला दुकान उघडायचंय, आणि साहेब काही उठत नाहीत. रिक्षा आणून देतो म्हटलं, तर नको म्हणाले."

मी बायकोच्या समोर जाऊन उभा राहिलो. ओट्याच्या या बाजूला मी, त्या बाजूला ती.

"मी म्हटलं, साहेब, घरी वाट बघत असतील. तर ते म्हणतात..." बेकरीवाला संकोचाने हसला. "म्हणतात, जाऊ कसा? तिथे सध्या दुसरा कोणीतरी राहतोय."

पलीकडे एक म्हातारी खळखळून हसली. तिच्याबरोबर आणखी कोणीतरी हसलं.

बायकोने मान वर केली. माझ्याकडे पाहिलं. मी नीट उभा राहिलो, जसा तपासणीच्या वेळी काटा सपाट जागेवर ठेवतात तसा.

"त्याने काही खाल्लंय का?" तिने फोनला विचारलं.

"अजून नाही हो वहिनी. थांबा, त्यांनाच देतो."

तिने स्पीकर बंद केला. फोन कानाला लावून ती गॅलरीत गेली आणि पाठीमागे काचेचं दार ओढून घेतलं. ते नीट लागलं नाही.

"नाही रे," तिचा आवाज आला, मोकळा आणि मऊ. "घरी कोणीच नाहीये. ये तू."